पीठ मोजताना : प्रस्तावना

तांदळाच्या भाकरीची उकड काढताना पीठ आणि पाणी समसमान घ्यायचे, हे पालघर तालुक्यात घरोघर ठाऊक असते. ज्या वाटीने पीठ, त्याच वाटीने पाणी. हेच प्रमाण कुणी काट्यावर धरले, दीडशे ग्रॅम पिठाला दीडशे ग्रॅम पाणी घेतले, तर उकड कोरडी राहते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. सांगणारीने नीट सांगितलेले असते, करणारीने नीट ऐकलेले असते, तरी भाकरी बिघडते. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावते आणि तांदळाचे पीठ साधारण १४० ते १६० ग्रॅम. मापाने समसमान असलेले प्रमाण वजनाने एकास दीड किंवा त्याहून जास्त होते. दीडशे ग्रॅम पिठाला पाणी हवे होते २४० ग्रॅम, मिळाले दीडशे.

पीठ मापाने किती आणि वजनाने किती, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तो रोज कुणाच्या ना कुणाच्या परातीत उभा राहतो. त्याला दोन कारणे आहेत. इथे एकाच इमारतीत चार प्रांतांची पिठे मळली जातात आणि पाककृती शेजारच्या दारातून येतात. शिवाय इथल्या कितीतरी बायका आता घरापुरते न करता विकण्यासाठी करतात, आणि विकायचे म्हटले की वाटीचा हिशेब ग्रॅममध्ये मांडावाच लागतो.

या पट्ट्याचे पीठ मुळात तांदळाचे. सातपाटी, मुरबे, दांडी, तारापूर, चिंचणी या किनाऱ्यावरच्या गावांत मासळीच्या कालवणाबरोबर तांदळाची भाकरीच हवी. पूर्वेला चढ लागला की विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे नाचणी आणि वरई ताटात येतात. वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाहेरच्यांना त्याची ओळख झाली. इथल्या गिरण्यांना ती कधीचीच होती. १९६९ साली तारापूरचे अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात, केरळ, तामिळनाडू इथून माणसे बोईसरला आली आणि त्यांच्याबरोबर गव्हाचा आटा, सत्तू, बेसन, इडली-डोशाची पिठे आली. दक्षिणेला वसईत पाव आणि हाताने थापलेल्या रोट्या करणारी ख्रिस्ती घरे आहेत, उत्तरेला डहाणू-घोलवडकडे पारशी-इराणी घरे आहेत. ढोकळ्याचे प्रमाण गुजराती शेजारणीकडून, लिट्टीचे बिहारी सहकाऱ्याच्या घरून, केकचे फोनवरच्या एखाद्या परदेशी बाईकडून, असे सगळे येते. प्रत्येकीची वाटी वेगळी, कप वेगळा आणि भरण्याची पद्धत वेगळी.

वाटीत नेमके काय भरते, हे आधी नीट पाहू. पिठाने भरलेल्या वाटीत पीठ जितकी जागा घेते, निदान तितकीच जागा दाण्यादाण्यांमधली हवा घेते. वाटी सैल भरली की हवा जास्त, दाबून भरली की हवा कमी. काठ तोच राहतो, पण वजन बदलते. मैदा चाळून चमच्याने अलगद कपात सोडला आणि वर सुरी फिरवून सपाट केला, तर २४० मिलिलिटरच्या कपात ११५ ते १२५ ग्रॅम बसतो. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसून भरला, तर १४० ग्रॅमवर जातो. डबा आपटून पीठ खाली बसलेले असेल किंवा वर बोटाने दाबले असेल, तर दीडशेही भरतो. दोन कप मैद्याचा केक करायचा असेल, तर एकीचे पीठ २५० ग्रॅम होते आणि दुसरीचे ३००. मधले ५० ग्रॅम म्हणजे कपाचा निदान तिसरा भाग भरेल एवढे जादा पीठ. अंडी, लोणी, दूध तेवढेच राहते. केक घट्ट बसतो आणि दोष भट्टीला दिला जातो.

दाणाही सगळ्या पिठांचा सारखा नसतो. बेसन मऊ आणि चिकट; त्याच्या गुठळ्या होतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते, म्हणून बेसन वाटीत हलके भरते. रवा खडबडीत, कोरडा, वाहता. तो आपोआप दाटीवाटीने बसतो आणि वाटी जड होते. तांदळाचे पीठ या दोहोंच्या मध्ये. घरघंटीला जाळी कोणती लावली यावर तेच तांदूळ वाटीत वेगळे भरतात. धुऊन सावलीत वाळवलेल्या तांदळाच्या मऊसूत पिठाची वाटी आणि कोरडेच दळलेल्या जाडसर पिठाची वाटी यांच्यात फरक पडतो. उकड काढणाऱ्या हाताला तो कळतो, पण कागदावर ‘एक वाटी’ एवढेच उतरते.

गिरणीवर जाणाऱ्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको. पाच किलो गहू ज्या डब्यात गळ्यापर्यंत बसतात, त्या डब्यात त्यांचे पीठ मावत नाही. गिरणीवाला उरलेले पिशवीत घालून देतो. गव्हाच्या एक लिटर दाण्याचे वजन पावणेआठशे ग्रॅमच्या आसपास असते, ताज्या पिठाचे साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे पाच किलो गहू साडेसहा लिटरच्या आत बसतात आणि पाच किलो पिठाला नऊ लिटर जागा लागते. वजन जवळपास तेच, थोडी घट जाते तेवढीच. पण आकारमान जवळजवळ दीडपट होते. तोच डबा आठवडाभर फडताळात राहिला, रोज उघडला-झाकला, हलला, की पीठ दोन बोटे खाली बसते. घरात कुणी जास्त खाल्लेले नसते, फक्त पिठातली हवा निघून गेलेली असते. म्हणून गिरणीतून आलेल्या गरम पिठाची वाटी आणि आठ दिवसांनी भरलेली वाटी सारखी समजू नये.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा ओलसर असते आणि पीठ ती ओल शोषून घेते. कोरड्या दिवसांत पिठात दहा टक्के ओलावा असेल आणि पावसाळ्यात चौदा टक्क्यांवर गेला असेल, तर एक किलो पिठामागे ४० ग्रॅम पाणी आधीच आत शिरलेले असते. काटा ते पीठ म्हणूनच दाखवतो. त्यामुळे पाणी मोजूनही शेवटचे दोन चमचे हाताखाली ठेवावे लागतात. वजन केल्याने हाताचा अंदाज निकामी होत नाही. मोठा फरक काटा काढून टाकतो आणि उरलेला बारीक फरक हात ओळखतो.

माप आणि वजन यांची ही ओढाताण आपल्याकडे नवीन नाही. महाराष्ट्रात धान्य शतकानुशतके भांड्याने मोजले गेले. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि वर मण, खंडी. पायली गावागणिक लहानमोठी असे. शिगेचे माप वेगळे, हात फिरवून सपाट केलेले वेगळे. शेर तर दोन अर्थांनी चाले: भांड्याचा मापी शेर आणि तराजूचा वजनी शेर. मुंबईच्या जुन्या बाजारात चाळीस शेरांचा मण २८ पौंडांचा, तर इंग्रजी अमलातला प्रमाण मण सुमारे ८२ पौंडांचा. नाव एकच, माल जवळजवळ तिपटीने वेगळा.

दाण्याच्या जातीवर माप बदलते, हे आपल्या गणितज्ञांनीही नोंदवून ठेवले आहे. भास्कराचार्यांच्या ११५०च्या सुमाराच्या ‘लीलावती’त धान्याच्या राशी मोजण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. सपाट जमिनीवर धान्य ओतले की ढीग होतो. त्याचा घेर मोजायचा आणि घेरावरून उंची धरायची: जाड दाण्याची रास असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक दाण्याची असेल तर अकरावा आणि कुसळाच्या धान्याची असेल तर नववा. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणायचे. घेर साठ हात असेल तर जाड दाण्याची रास सहाशे घनहात भरते, बारीक दाण्याची सुमारे साडेपाचशे आणि कुसळाच्या धान्याची सुमारे पावणेसातशे. एकच घेर, तीन धान्ये, तीन उत्तरे. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ढीग उंच राहतो, बारीक दाणे घसरतात म्हणून तो पसरतो. बेसन आणि रवा यांच्या वाट्या सारख्या का भरत नाहीत, याचे उत्तर या नियमाच्या अगदी शेजारी आहे: कणांचे एकमेकांशी घासणे आणि अडकणे. फरक इतकाच की भास्कराचार्यांनी तो फरक गृहीत धरून हिशेबात घेतला, आणि आपण पाककृती सांगताना तो वगळतो.

माप कुणाच्या हातात आहे, याला या भागात फार कडू अर्थ होता. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, आदिवासी कुटुंबे पावसाळ्यात सावकाराकडून खावटीचे धान्य उचलत आणि सुगीला ते दीडपटीने, दुपटीने फेडत. धान्य भांड्याने दिले-घेतले जाते, तेव्हा ते सैल भरायचे की शीग लावून भरायचे हे भरणारा ठरवतो, आणि भरणारा हात कर्जदाराचा नसतो. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५मध्ये भरलेल्या परिषदेनंतर वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. मापाचा प्रश्न स्वयंपाकघरापुरता राहत नाही, तो न्यायाचा होतो, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बारीकसारीक विक्री आजही मापाने चालते. बाजारात रानभाज्या, सुकट, कंदमुळे वाट्याने विकली जातात. समोरासमोरच्या सौद्यात वाटा दिसतो, घासाघीस होते, ते चालून जाते. पण जी वस्तू पाकिटात बंद होऊन अनोळखी माणसाकडे जाते, तिला सर्वांना सारखाच कळेल असा आकडा लागतो.

तो आकडा देशाने कायद्याने ठरवला. वजने आणि मापे यांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला आणि १९६२पर्यंत शेर-मण व्यवहारातून हटवले गेले. आज बंद पाकिटातल्या मालावर २००९चा वैधमापन कायदा लागू आहे, आणि पिठाच्या पाकिटावर निव्वळ वजन लिहावेच लागते. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९पासून निसर्गातल्या एका स्थिरांकाला बांधली गेली आहे. पॅरिसच्या प्रयोगशाळेतला ग्रॅम आणि बोईसरच्या किराणा दुकानातला ग्रॅम एकच आहे. वाटीबद्दल असे म्हणता येत नाही.

पाककृतींच्या पुस्तकांनीही ही वाट चाललेली आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१०चे. तो काळ शेर-तोळ्यांचा होता. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली, तोवर बाजारात किलो रुळला होता, पण स्वयंपाकघरात वाटी-चमचाच होता, आणि त्याच भाषेत सांगितल्यामुळे ती नवशिक्या हातांत पोचली. तिकडे अमेरिकेत फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पुस्तकात माप सपाट भरण्याचा आग्रह धरला आणि कप-चमच्यांची शिस्त घरोघर नेली. तरीही कप जगभर एक झाला नाही. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०चा, जपानचा २००चा. चमच्यांतही तसेच: टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २०चा. आपल्या घरातल्या पोह्यांच्या चमच्याचा यांच्याशी काहीच करार झालेला नाही.

विकण्यासाठी करणाऱ्या बायकांना या सगळ्याचा हिशेब रुपयांत मोजावा लागतो. थालीपिठाच्या भाजणीचे उदाहरण घेऊ. सासूने सांगितलेले प्रमाण वाट्यांत असते: ज्वारी इतक्या वाट्या, चणाडाळ इतक्या, तांदूळ, उडीद, वर वाटीभर धणे. घरापुरती भाजणी यात उत्तम होते. बचत गटाला पन्नास किलो करायची असेल, तर बाजारातून माल किलोने आणावा लागतो. तिथे कुणी वाट्यांच्या आकड्यांपुढे सरळ किलो लिहिले, की चव बदलते. वाटीभर धण्यांचे वजन वाटीभर ज्वारीच्या निम्म्याहूनही कमी असते. वाटीच्या जागी किलो लिहिला तर धणे दुपटीहून जास्त पडतात आणि भाजणीला उग्र वास येतो. शिवाय भाजताना धान्यातला ओलावा उडतो आणि दळताना घट जाते, म्हणून पन्नास किलो धान्याची पन्नास किलो भाजणी हाती येत नाही. किंमत ठरवण्याआधी प्रत्येक धान्याची एक वाटी काट्यावर ठेवून वजन लिहून काढले, तर हे सगळे अर्ध्या तासात उलगडते.

उकडीच्या पदार्थांत तोच प्रश्न पाण्याच्या बाजूने येतो. पाच किलो तांदळाच्या पिठाच्या उकडीला, वाटीस वाटी प्रमाणाने, पाणी किती? पीठ मोकळे असेल, कपात १४० ग्रॅम भरत असेल, तर साडेआठ लिटरांहून थोडे जास्त. पीठ दाबून भरलेल्या गोणीतले असेल, कपात १६० ग्रॅम भरत असेल, तर साडेसात लिटर. एक लिटराचा फरक केवळ भरण्याच्या पद्धतीतून उभा राहतो. घरच्या दोन वाट्यांच्या उकडीत हा फरक दोन-तीन चमच्यांचा असतो, तो हात सांभाळून घेतो. पाच किलोच्या टोपात हात उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी एकदा आपले पीठ आणि आपले पाणी दोन्ही वजनाने ठरवून घ्यावे. पाचशे ग्रॅम पिठावर प्रयोग करावा, मनासारखी उकड झाली की पाण्याचे ग्रॅम लिहून ठेवावेत आणि पुढे तेवढ्याच पटीने वाढवावे. पिठाची गोणी बदलली की प्रयोग पुन्हा करावा.

शाळांच्या स्वयंपाकघरांत तर वजन हाच शिधा असतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलेले आहे. रेशनवरही धान्य किलोनेच येते. वाढताना मात्र डाव हातात असतो. कच्च्या वजनाचा शिजल्यावरचा डाव किती, हे ज्या स्वयंपाकिणीने एकदा मोजून पाहिले आहे, तिच्या रांगेतल्या शेवटच्या मुलालाही पहिल्या मुलाइतकेच मिळते. वाटी आणि ग्रॅम यांची सांगड घालण्याचे याहून चांगले कारण मला सापडलेले नाही.

आता मूळ प्रश्न: एक वाटी पीठ म्हणजे किती ग्रॅम? याचे छापील उत्तर देता येत नाही, आणि जो देईल त्याने वाटी पाहिलेली नसते. या पुस्तिकेच्या शेवटी कोष्टक आहे. त्यात निरनिराळ्या पिठांचे २४० मिलिलिटरच्या कपाचे वजन कमीत कमी आणि जास्तीत जास्त, असे दोन आकड्यांत दिले आहे. तो आधार आहे, निकाल नव्हे. तुमच्या घरचा आकडा तुम्हीच काढायचा, आणि त्याची रीत सोपी आहे.

घरातली एक वाटी ठरवा आणि ती मापासाठीच ठेवा. काटा असेल तर रिकामी वाटी वर ठेवून आकडा शून्यावर आणा, मग वाटी पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. काटा नसेल तर एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या आणि ती वाटी-वाटीने रिकामी करा. साडेसहा वाट्या भरल्या, तर वाटी १५४ मिलिलिटरची आहे. मग पीठ. डब्यातले पीठ चमच्याने दोनदा हलवून मोकळे करा, चमच्यानेच वाटीत सोडा, न आपटता, न दाबता, आणि सुरीच्या पाठीने काठाबरोबर सपाट करा. अशा पाच वाट्या एकाच पातेल्यात ओतून वजन करा आणि पाचाने भागा. एकच वाटी तोलली तर भरण्यातला फरक अंगावर येतो, पाच वाट्यांत तो विरतो. काट्याशिवाय करायचे तर तांदळाच्या पिठाचे पाचशे ग्रॅमचे बंद पाकीट फोडा, मोकळे करा आणि किती वाट्या होतात ते मोजा. साडेपाच वाट्या झाल्या, तर तुमच्या वाटीत ९१ ग्रॅम बसतात. हेच गव्हाच्या पिठाचे, बेसनाचे, नाचणीचे, रव्याचे वेगवेगळे करा. एका पिठाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

आकडे हाती आले की बाहेरून आलेली पाककृती उतरवताना एक पथ्य पाळा. कपाचे थेट वाटीत रूपांतर करत बसू नका. आधी ग्रॅम काढा. पाककृती लिहिणाऱ्याने कप कसा भरायला सांगितला आहे ते पाहा. चमच्याने भरून सपाट केलेला असेल तर मैद्याचे १२५ ग्रॅम धरा, थेट डब्यात बुडवलेला असेल तर १४०हून वर धरा. ग्रॅम ठरले की मग हवे तर आपल्या वाटीने भागा. पाणी, दूध, ताक यांना ही अडचण नाही. ते हवा धरून ठेवत नाहीत, मापानेच घ्यावेत. खायचा सोडा, मीठ, यीस्ट हेही चमच्यानेच घ्यावे, कारण घरगुती काटा सहसा एका ग्रॅमहून बारीक दाखवत नाही, आणि तीन ग्रॅम सोड्यात अर्ध्या ग्रॅमची चूक जिभेला लागते.

सगळे काही तोलूनच करावे, असे ही पुस्तिका सांगत नाही. रोजच्या पोळ्या, भाकऱ्या, पिठले, धिरडी यांना काट्याची गरज नाही. तिथे करणारी तीच, पीठ तेच, वाटी तीच असते. प्रमाण हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीत मुरलेले असते आणि चुकले तर समोरच्या समोर सावरता येते. वजनाची गरज तीन ठिकाणी लागते. पदार्थ भट्टीत गेल्यावर दुरुस्त करता येत नाही तिथे. प्रमाण पटीने वाढवायचे असते तिथे. आणि कृती एका घरातून दुसऱ्या घरात जायची असते तिथे. तिसरी जागा मला सगळ्यांत मोलाची वाटते. मुरब्याच्या आजीची उकड किंवा मोखाड्याच्या बाईची नाचणीची भाकरी तिच्या वाटीबरोबर संपून जाऊ नये. नातसून पुण्याला असेल, भाचा आखातात असेल, त्यांच्या घरात ती वाटी नाही. त्यांना ग्रॅम कळवता येतात. आजीसमोर बसून तिची वाटी एकदा काट्यावर ठेवली, तिच्या हाताने भरलेल्या पाच वाट्या तोलल्या, तर तिच्या हाताचा अंदाज आकड्यांत उतरतो आणि टिकतो. असे आकडे गोळा करणे हे लोकांचे अन्न जपण्याचेच काम आहे, आणि ते या जिल्ह्यात कुणीही आजपासून सुरू करू शकतो.

पुस्तिकेची रचना अशी आहे. पहिल्या भागात तांदूळ, नाचणी, वरई ही इथली पिठे. दुसऱ्यात गहू, मैदा, रवा, बेसन, सत्तू. तिसऱ्यात भाजणी आणि मिश्र पिठे, त्यांचे घरगुती प्रमाण आणि विक्रीसाठीचे वजनी प्रमाण शेजारी शेजारी. प्रत्येक पिठाला भरण्याची पद्धत लिहिलेली आहे, कारण पद्धतीशिवाय आकड्याला अर्थ नाही. शेवटच्या कोष्टकात छापील आकड्यांशेजारी दोन रकाने मोकळे ठेवले आहेत: एक उन्हाळ्यातल्या वजनासाठी, एक पावसाळ्यातल्या. ते तुम्ही भरायचे. त्यात तुमच्या वाटीचे, तुमच्या गिरणीच्या पिठाचे, तुमच्या हाताचे आकडे आले, की ही पुस्तिका तुमच्या घरापुरती पूर्ण झाली असे समजा. आणि मग ती पाककृतींसकट पुढच्या घरात द्या.